आधी हृदय आणायला शीक

कतारगाम, सुरत

चि. सोनू हिस,


हृदयरोपणाचीच सर्जन व्हायचं म्हणतेस, वाचून फार आनंद झाला. वर्षांचा हिशेब तुला ठाऊक आहेच: एमबीबीएसनंतर एमएसची तीन, मग एमसीएचची तीन. एवढं होऊनही मुख्य सर्जनची जागा लगेच मिळायची नाही. आधी तुला हृदय आणायला धाडतील. त्या बाजूची ही हकीकत, कारण आयसीयूत सिस्टर म्हणून मी ती जवळून पाहिली आहे.

दात्याचा मेंदू मृत झाल्याचं चार डॉक्टर ठरवतात, सहा तासांच्या अंतराने दोनदा. त्यासाठी व्हेंटिलेटर सोडवायचा, ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि पेशंट स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते बघत उभं राहायचं. रोपण करणाऱ्या टीममधल्या कोणालाही त्या चौघांत बसता येत नाही, कायदाच तसा आहे. मॉनिटरवर ठोके दिसत असताना घरच्यांनी होकार द्यायचा असतो. सुरतेत डोनेट लाइफ या अवयवदान संस्थेची माणसं त्यांच्याशी बोलायला येतात.

मग तुमची टीम. छाती उघडून हृदय डोळ्यांनी बघायचं, हाताने चाचपायचं आणि घ्यायचं की नाही ते मुंबईला, रोपण होणार त्या हॉस्पिटलला कळवायचं. त्या शब्दावर तिकडे दुसरी छाती उघडली जाते, म्हणून खात्री नसेल तर तसं स्पष्ट सांग. हृदयाचा रक्तपुरवठा तोडणारा क्लॅम्प लागला की हातात साधारण चार तास. आमच्या कतारगामहून विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पुढे मुंबई. सप्टेंबर 2017 मध्ये सुरतेतल्या 14 महिन्यांच्या बाळाचं हृदय असंच मुलुंडला गेलं आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवलं. तिथली तेव्हाची टीम डॉ. अन्वय मुळे यांची.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्याबद्दल जरूर वाच. 16 फेब्रुवारी 1968 ला त्यांनी मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं हृदयरोपण केलं, केपटाऊनच्या डॉ. बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या रोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत. पेशंट काही तासच जगला. सप्टेंबरात पुन्हा केलं, तो पेशंटही एक दिवस काढू शकला नाही. अपयश म्हणून त्यांचं नाव मागे पडावं, हे मला मुळीच पटत नाही. मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता, शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन नव्हतं. कौशल्य कितीही असलं तरी पुढची वाटच बंद होती. कायदा 1994 साली झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं. मुंबईला त्यासाठी 2015 उजाडलं.

रोपण करताना रक्तवाहिन्या शिवतात, पण तुटलेल्या नसा जोडता येत नाहीत. म्हणून नवं हृदय बसल्या जागीही शंभराच्या आसपास धडधडतं, आणि जिना चढू लागल्यावर ठोके वाढायला वेळ लागतो. पेशंट घाबरतात. घरी सोडताना हे तू स्वतः बसून समजावून सांगत जा.

अवयवदानाचा अर्ज भरला नसशील तर भर, आणि आजच आईबाबांना सांग. आपल्याकडे अर्ज भरलेला असला तरी शेवटचा होकार घरच्यांनाच विचारतात.

तुझी,
मावशी