प्याला
बाबा अतिदक्षता विभागात होते. अकराव्या रात्रीही आई बाहेरच्या बाकावर बसून रेव्हरंड टिळकांची भजने हलक्या आवाजात म्हणत होती. अहमदनगरच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेले ते शब्द मला प्रथमच परके वाटले.

“आई, देव ऐकतच नसेल तर?” मी विचारले.

ती म्हणाली, “गेथशेमाने बागेत ख्रिस्तानेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले होते. तो टळला नाही. तरी पित्याला हाक मारणे त्याने सोडले नाही रे.”

पहाटे बाबा गेले. दफनविधीच्या वेळी तिने तेच भजन धरले. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज फुटला, तेव्हा पुढची ओळ मी म्हटली. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.