ढिला पट्टा

दाराशेजारच्या खुंटीवर तो लटकलेला असतो. सुती, सहा फुटी, एकेकाळी निळा. मुठीपाशी घामाने काळपट झालाय आणि कडीजवळ माझ्या कुत्रीच्या, बुंदीच्या, दुधाच्या दातांच्या खुणा आहेत.

याच्याइतकी चोख बातमी घरात कुणी देत नाही. बुंदीची मला, माझी बुंदीला. मी धास्तावले की मूठ आवळते, पट्टा ताणला जातो आणि तिचे कान मागे पडतात.

थेरपीसाठी कुत्रं निवडायचं म्हटलं की लोक आधी जात विचारतात. पट्ट्याला जात कळत नाही. अनोळखी माणूस दिसल्यावर कुत्रं पुढे ओढतं की मागे, ते मात्र बरोबर कळतं. बुंदीच्या आधीचा माझा लॅब्रॅडॉर देखणा, शब्दाबाहेर न जाणारा. पण स्टीलचं ताट पडलं की अर्धा तास पट्टा थरथरत राहायचा. त्याला मी घरीच ठेवलं. बुंदी रस्त्यावरची. तीही दचकली, पण लगेच जाऊन ताट हुंगून आली. दचकणं चालतं, सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं.

पुढे वर्षभर हा पट्टा आमच्यासोबत राबला. व्हीलचेअरच्या चाकालगत, वॉकरच्या ठकठकीत, जमिनीवर पडलेल्या गोळीपाशी ‘सोड’ म्हणताच नाक वर उचलताना. हिसका कधी दिला नाही. पट्टा सैल राहिला की खाऊ, एवढाच नियम.

न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधी आला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स आपण होऊन त्याच्याकडे गेला. त्यातूनच त्यांनी 1962 साली कुत्र्याला सहउपचारक म्हणणारा लेख लिहिला. कुत्र्याने आपण होऊन जायचं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

वृद्धाश्रमातल्या एका आजींचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. पट्ट्याची मूठ त्यांनी डाव्या हातात धरली होती. बुंदीने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि पट्टा जमिनीवर वेटोळं होऊन पडला. वीसेक मिनिटांनी तिने जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली. वेटोळं हळूहळू उलगडलं, दाराच्या दिशेने सरळ झालं.

मी काही बोलणार, तोच आजी म्हणाल्या, “दमली गं पोर.” आणि मूठ माझ्या हातात दिली.