सराफ्यातला वाडा घेण्याआधी

इंदूरला जाऊन सराफ्यात न जाता परत आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री त्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी. या डिसेंबरात मात्र मी तिथे सकाळी अकरा वाजता मान वर करून हिंडत होतो. दुकानांच्या पाट्यांच्या वर आपण कधी बघत नाही. वर जुने लाकडी सज्जे आहेत, कोरलेले खांब आहेत आणि त्यांना गुंडाळलेल्या विजेच्या तारा.

कारण मामा. सराफ्यामागच्या बोळातल्या ज्या वाड्यात तो भाडेकरू म्हणून वाढला, तो विकायला निघाला होता. निवृत्तीचे पैसे आलेले. शुक्रवारी इसार द्यायचं ठरलं होतं.

"आधी कुणाकडून तरी तपासून घेऊ," मी म्हटलं.

"अरे, शंभर वर्षं उभा आहे! काय तपासायचं त्यात?"

मामी आतून म्हणाली, "तोळाभर सोनं घेताना कसोटीवर घासून बघता की नाही?"

दुसऱ्याचा जुना कोड न वाचता अंगावर घेऊ नये, हे मी नोकरीत सोसून शिकलोय. पण नव्या आरसीसी इमारती बघणारा इंजिनिअर इथे पुरेसा नव्हता. लाकूड आणि चुना कळणारा हवा होता. चार फोनांनंतर एक बाई मिळाल्या. राजवाड्यासमोर भेटल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. 1984 च्या आगीत केवढं गेलं! पण आग निदान दिसते. वाळवी आतून खाते."

वाड्यात त्या तीन तास होत्या. मामा कोणत्या कोनाड्यात गोट्या लपवायचा ते सांगत होता, त्या प्रत्येक खांबावर लाकडी हातोडी ठोकत होत्या. पुढच्या सोप्यातले सागवानी खांब खणखणीत वाजले. तळखड्यावर नीट बसलेले, ओळंब्यात सरळ. मामाची छाती फुगली.

मागच्या खोलीत आवाज बदलला. तिथे वर कधीतरी मोरीच्या जागी न्हाणीघर केलेलं, आणि ओल दिसू नये म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा. बाईंनी समजावलं: चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग ती ओल भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला मुरते. त्यांनी तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला. मुठीपर्यंत आत गेला. मी मोबाईलवर जमिनीचा उतार मोजणार होतो, ते राहूनच गेलं.

शिवाय ती भिंत शेजारच्या घराची अर्धी. दुरुस्ती करायची तर शेजाऱ्याची लेखी संमती लागणार. हे मालकाने सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

पण सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "खाली कोण बसतं?"

खाली दागिने घडवणारे कारागीर बसत. सहा जण, भट्टीसकट. वरच्या मजल्यावर एका पेढीची जुनी लोखंडी तिजोरी ठेवलेली, बरोबर त्याच तुळईवर.

"घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा. टेकू आज लावा."

रात्री अहवाल घेऊन आम्ही सराफ्यातच बसलो. मामाचा भुट्ट्याचा कीस गार झाला. पुढचा भाग उत्तम, मागचा वाचवता येईल, पण मागची भिंत उकलल्याशिवाय खर्चाचा आकडा देता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मामाने तेवढी ओळ दोनदा वाचली. मग घरमालकाला फोन लावला. पलीकडून बराच आवाज आला. मामा शांतपणे म्हणाला, "इसाराचं राहू द्या. उद्या सुतार पाठवतोय, कारागिरांना तेवढं पुढच्या खोलीत बसवा."

टेकूंचे पैसे मामानेच दिले. व्यवहार अजून अडलेला आहे. शेजारी संमतीचं बघतो म्हणालाय, मालक भाव उतरवायला तयार नाही. मामा रोज सकाळी पोहे खाऊन बोळात चक्कर मारतो आणि टेकू जागेवर आहेत ना ते बघून येतो.