केटलखालची आच

संपादकांना बिअरच्या चवीवर लेख हवा होता. पण प्रस्तुत लेखकाचा धंदा ब्रुअरीतली भांडी तापवण्याचा. चवीपर्यंत पोचायला वाचकांना आधी थोडी आच सोसावी लागेल.

१९९५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सॅम कॅलाजिओनी यांनी डॉगफिश हेड ही ब्रुअरी सुरू केली, ती १२ गॅलनच्या, म्हणजे जेमतेम ४५ लिटरच्या संचावर. बिअर पुरावी म्हणून एका दिवसात दोन-तीन घाणे काढावे लागत. हौशी मंडळींना ही गोष्ट फार आवडते. भांडं मोठं, शेगडी मोठी, झाली ब्रुअरी!

होत नाही. २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, २५ अंशांवरून उकळीला आणायला पावणेदोन युनिट पुरतात. घरच्या प्लगवर भागतं. ५०० लिटरला ४४ युनिट लागतात. तासाभरात उकळी हवी तर ४४ किलोवॉट, तेही वाया जाणारी उष्णता न धरता. त्यात पाणी २५ पट वाढलं तरी त्याच घाटाच्या भांड्याचा तळ साडेआठ पटच वाढतो. म्हणजे तळाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून तिप्पट उष्णता रेटायची, आणि साखर तिथेच करपते. विजेच्या हीटरचंही तेच: किलोवॉट किती, एवढंच विचारून चालत नाही, दर चौरस सेंटिमीटरला किती वॉट, हे विचारायला हवं. विचारतं कोण? सगळ्यांना चौकशी चव देणाऱ्या हॉप्सची.

म्हणून वाफ. एक किलो दाबाची वाफ साधारण १२० अंशांची. ती केटलभोवतीच्या जॅकेटमध्ये, म्हणजे दुहेरी भिंतीच्या पोकळीत, खेळवतात; जॅकेटची भिंत त्यापुढे तापूच शकत नाही. एक किलोहून कमी दाबाचा किंवा २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर आपल्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतो. पण म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह सुटत नाही, हे पटवताना घसा कोरडा पडतो.

आता ‘ज्वाळेच्या चवी’चा वाद: थेट ज्योतीवर उकळलेल्या बिअरला खास चव येते म्हणे. दाखला हमखास चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सनर उर्केल ब्रुअरीचा: तिथे तांब्याच्या भांड्यांखाली अजून ज्योत आहे. आहेच. पण तिथे माल्टच्या लगद्याचा काही भाग तीनदा बाजूला काढून, उकळून परत मिसळतात. चवीत या उकळण्याचा वाटा किती नि ज्योतीचा किती, हे वेगळं काढणार कसं? तरी बेल्जियममधल्या द्युपाँ ब्रुअरीच्या केटलखालीही ज्योतच आहे, आणि तिथली सेझाँ बिअर प्यायल्यावर प्रस्तुत लेखकाचा आवाज जरा खाली येतो.

सध्या टेबलावर पुण्याच्या एका तरुणाचा ५०० लिटरचा प्रस्ताव आहे. बिअर करायला तो परदेशात शिकला. इथे परवान्याशिवाय घरीही करता येत नाही. त्याला गॅसच हवा. उघड्या बर्नरची निम्म्याहून जास्त उष्णता कडेने निघून जाते. नुसती उकळी यायलाच १९ किलोचा जवळजवळ अर्धा सिलिंडर जाईल, असा हिशेब त्याला पाठवला. उलट विचारणा आली: ‘सर, ज्योत गिऱ्हाइकांना काचेतून दिसेल ना?’