चार फुटांखालचे हवामान

हवामान खात्याच्या कोणत्याही वेधशाळेच्या आवारात, मोकळ्या हिरवळीच्या मध्यभागी उभी असलेली, दुहेरी झिलमिलींच्या भिंतींची, पांढऱ्या रंगाची आणि उत्तरेकडे दार असलेली लाकडी पेटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या ध्यानात हेही आले असेल की, तिच्यातील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांच्या उंचीवर बसविलेले असतात. आणि ज्या नोंदींवरून आपण आज थंडी वाढली किंवा उन्हाळा कडक झाला असा निर्णय देतो, त्या सर्व नोंदी या चार फुटांवरच्या, सावलीत राखलेल्या आणि वाऱ्याला मोकळ्या असलेल्या हवेच्या असतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात योजलेली ही पेटी म्हणजे अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना आहे. कारण पुण्याचे तापमान नागपूरच्या किंवा लंडनच्या तापमानाशी ताडून पाहावयाचे, तर उंची, सावली आणि वायुवीजन या तिन्ही गोष्टी सर्वत्र सारख्या असल्याच पाहिजेत. माझी सारी नोकरी या पेटीच्या सान्निध्यात गेली आणि तिच्याविषयीचा माझा आदर आजही अणुमात्र कमी झालेला नाही. परंतु निवृत्तीनंतर सुपे परगण्यातील वडिलोपार्जित सात एकरांवर राहावयास आल्यापासून तेथील पशुपक्षी आणि हवापाणी यांचा संबंध जसजसा मी बारकाईने पाहू लागलो, तसतशी एक गोष्ट माझ्या मनात दृढ होत गेली. चार फुटांवरच्या त्या हवेत माणूस आणि त्याची गुरे यांच्याखेरीज फारसे कोणी राहत नाही. माळावरचे बहुतेक जीवन तिच्या खाली, गवताच्या बुडाशी, दगडाच्या आडोशाला, जमिनीच्या भेगांत आणि बिळांत चालते. आणि तेथे एक हवामान नसून अनेक हवामाने शेजारीशेजारी नांदत असतात.

सुपे हे गाव कऱ्हा नदीच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास सातशेच्या आसपास, आणि महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या आमच्या माळावर जेमतेम पाचशे. घाटमाथ्यावर बाष्प सांडून आलेली हवा पूर्वेकडे उतरताना दाबली जाते, तापते आणि तिची तहान वाढते; एवढेच या दैन्याचे कारण आहे. आमच्या सात-बाऱ्यावर या जमिनीची दोन भागांत वाटणी केलेली दिसते: एक जिरायत, जीत बाजरी, मटकी आणि रब्बीची ज्वारी होते, आणि दुसरा पोटखराबा, म्हणजे मुरमाड उतार, उघडा पडलेला कातळ आणि ओढ्याचा खचलेला काठ, ज्यावर सरकार शेतसाऱ्याचा आकार बसवीत नाही. महसुली दृष्टीने हा शेरा योग्यच आहे. परंतु वन्यजीवांची मोजदाद करावयास कोणी मामलेदार नेमला गेला असता, तर त्याने याच तुकड्यावर सर्वांत जड आकारणी केली असती, हे पुढील विवेचनावरून वाचकांस पटेल अशी मला आशा आहे.

हवापाणी आणि प्राणिसृष्टी यांचा एकत्र विचार करण्याची परंपरा आपल्या दख्खनमध्ये नवी नाही. मुंबई सरकारने 1824 मध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलेला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी या प्रांतात गावोगाव हिंडला. त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली आणि याच मुलखाच्या हवामानावरील त्याचा विस्तृत निबंध 1835 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वायुभारमापकातील पारा दररोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास त्याची भरती असते आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास ओहोटी, हे दख्खनच्या पठारावर त्याने चिकाटीने नोंदविले. त्याच माणसाने आमच्या माळावर आजही गाणाऱ्या तुरेवाल्या, तांबूस छातीच्या चंडोलाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, आणि तो चंडोल त्याच्याच नावाने ओळखला जातो. साइक्सच्या टाचणवहीत पारा आणि पाखरू एकत्र होते. पुढे 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाले, 1883 मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, दोन्ही संस्थांनी अलौकिक काम केले. मात्र एकीच्या नोंदवहीत पाखरू राहिले नाही आणि दुसरीच्या वहीत पारा क्वचितच आला. या विभक्तपणाने उभयपक्षी नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याला एक थोर अपवाद पुण्यातच घडला. हवामान खात्याने 1932 मध्ये पुण्यास कृषिहवामानाची शाखा सुरू केली, तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास हे होते. त्याच वर्षी त्यांनी आपले सहकारी आत्मनाथन यांच्यासह असे एक निरीक्षण प्रसिद्ध केले की, निरभ्र आणि निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते, तर तिच्यापासून वीतभर ते दोन वितींच्या उंचीवर असते. प्रचलित समजुतीच्या हे इतके विरुद्ध होते की, परदेशांतील पुष्कळ पंडितांनी प्रथम उपकरणांवरच शंका घेतली. परंतु निरीक्षण खरे ठरले आणि रामदासांचे नाव त्या थराला कायमचे चिकटले. त्याच्या कारणमीमांसेवर नंतर अनेक दशके वाद चालला. मला येथे सांगावयाचे आहे ते एवढेच की, मार्गशीर्षातील स्वच्छ रात्री उघड्या मुरमावर पंख मिटून, मातीला पोट लावून बसलेला धाविक किंवा चंडोल या अतिशीत थराच्या खाली असतो आणि दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब त्याच्या पोटाखाली असते. मान उंच करून उभ्या राहणाऱ्या जनावराला ती सवलत नाही.

उन्हाळ्यात हाच हिशेब उलट होतो. वैशाखातल्या दुपारी पेटीतला पारा चाळिसाच्या किंचित पुढे असतो, तेव्हा उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. आणि त्याच ठिकाणी फूटभर खोलीवर दिवसरात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा झालेला असून, दुपारच्या तापाची जी काही क्षीण लाट तेथवर पोहोचते, तीही रात्र पडल्यावर. दोन फुटांच्या आत एवढे ऋतू सामावलेले असतात, आणि कोणाचे घर कोठे हे त्यावरून ठरते. खोकड आपले बीळ अनेक तोंडांचे आणि खोल करते, पिलांना घेऊन दुपार आत काढते. भेगाळलेल्या रानात सरडे, पाली, बेडूक आणि साप त्या भेगांच्या सावलीत उतरतात. ती भेग शेतकऱ्याला जमिनीची तहान वाटते, पण कितीकांचे ते तळघर असते. डोंबारी चंडोल ढेकळाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला एवढीशी वाटी करतो आणि काठाला बारीक खडे मांडतो. टिटवीची गोष्ट याहून अद्भुत आहे. उघड्या खड्यांत अंडी घालणारा हा पक्षी कडक उन्हात अंड्यांवर बसतो तो ती उबविण्यासाठी नव्हे, त्यांना शिजू न देण्यासाठी. आणि जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येऊन तो ओलावा अंड्यांना देतो. पखुर्डीचा नर तर दूरच्या पाणवठ्यावरून पोटाच्या खास पिसांत पाणी शोषून आणतो आणि पिले ती पिसे चोखून तहान भागवितात. ज्या माळाला आपण निर्जल म्हणतो, तेथे पाणी अशा रीतीने वाहिले जाते, आणि कोणत्याही पर्जन्यमापकात त्याची नोंद होत नाही.

एकाच दगडाच्या दोन बाजूंनाही दोन हवामाने असतात. ज्या दिवसांत सगळा माळ सावली शोधतो, त्याच चैत्र-वैशाखात पंख्यासारखा गळा असलेल्या सरड्याचा नर उंचवट्याच्या दगडावर चढून निळा, काळा आणि केशरी पडदा उघडझाप करीत मादीला आपले ठिकाण दाखवितो; ऊन असह्य होताच तो त्याच दगडाच्या सावलीच्या अंगाला येतो, आणि उतरते ऊन पाहून पुन्हा माथा गाठतो. दगड वेचून बांधाला टाकले की त्याचे व्यासपीठही जाते आणि छायाही.

वनस्पतींपैकी हवामानाशी सर्वांत निकट संबंध मला कुसळी गवताचा वाटतो. ज्याचे कुसळ धोतरात रुतले नाही असा माळकरी माणूस विरळा. हे कुसळ कोरड्या हवेत पिळले जाते आणि दमट हवेत त्याचा पीळ उलगडतो. बी जमिनीवर पडल्यावर रात्रीच्या दवाने आणि दुपारच्या उन्हाने हा पीळ आळीपाळीने सुटतो व बसतो, आणि अणकुचीदार बी गिरमिटाप्रमाणे हळूहळू मातीत शिरते. म्हणजे हे गवत आर्द्रतेच्या दैनंदिन चढउतारावर स्वतःची पेरणी करून घेते. याच गुणाची पारख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हैसूरकडच्या मोजणीच्या कामावर असलेल्या हेन्री केटर या इंग्रज अधिकाऱ्याला झाली, आणि त्याने कुसळीच्याच कुसळापासून एक अत्यंत संवेदनशील आर्द्रतामापक तयार केला. माझ्या दृष्टीने दख्खनच्या हवामानशास्त्राच्या इतिहासातील हे एक सुंदर पान आहे: परदेशी विद्वानाने उपकरण शोधले ते पायाखालच्या गवतात. आम्हां शास्त्राच्या विद्यार्थ्यांना केसाचा आर्द्रतामापक शिकविला गेला, कुसळीचा कोणी दाखविला नाही.

पावसाविषयी लिहिताना मला खात्याच्या एका व्याख्येचा उल्लेख करणे भाग आहे. चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाळी दिवस' गणला जातो. आमच्याकडे पुनर्वसू-पुष्याचा, म्हणजे लोक ज्यांना तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणतात तो जुलैचा काळ, बहुशः या व्याख्येत बसत नाही. पश्चिमेचा वारा अहोरात्र घोंघावत असतो, ढग पूर्वेकडे धावत असतात, आणि त्यातून पडते ती नुसती भुरभुर. तरीही त्या भुरभुरीवर मारवेल आणि पवन्या तरारतात, गवतात नाकतोडे वाढतात आणि लावे आपली पिले घेऊन हिंडतात; कारण सूर्य झाकलेला असल्यामुळे पडलेले थोडेसे पाणीही जमिनीतून लवकर उडून जात नाही. मुख्य पाऊस पडतो तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात व पुढे, विजांच्या कडकडाटासह. आणि आमची रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. या पावसाचे वाटप मात्र फार विषम असते. बांधाच्या अलीकडे ओघळ वाहतात आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडते. तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावरून साऱ्या गावांची आणेवारी मनात धरणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

मृगाचा पहिला खरा पाऊस कोणता, हे पर्जन्यमापकापेक्षा मखमली तांबडे मृगाचे किडे अधिक निश्चयाने सांगतात. वर्षाचा बहुतेक काळ मातीत काढणारा हा जीव वळवाच्या एखाद्या तुरळक सरीने फसत नाही. ओल पुरेशी खोल गेली, तरच तो वर येतो. त्याच संध्याकाळी वाळवीला पंख फुटून तिचे थवे बिळांतून उसळतात, कोतवाल आणि वेडे राघू त्यांच्यावर तुटून पडतात, खोकडही ती मेजवानी सोडत नाही. ओढ्याच्या डबक्यात मोठ्या बेडकांचे नर पिवळेजर्द होऊन रात्रभर ओरडतात. चातक याच सुमारास आफ्रिकेकडून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या आधाराने पोहोचतो, आणि पाऊस पडून किडे वाढले म्हणजे ज्यांची वीण जोमाने होते त्या सातभाईंच्या घरट्यांत आपली अंडी घालतो. कवींनी त्याला थेंबासाठी व्याकुळ केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचा खरा व्यवहारही तितकाच विस्मयकारक आहे.

हिवाळ्याचे वर्णन थोडक्यात करतो. मध्य आशियातून भोवत्ये येतात, गवतावरून अगदी कमी उंचीने फिरून नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. थंड हवा जड असल्याने ती रात्री उताराने वाहत ओढ्याकाठी साचते. तेथला हरभरा गारठतो आणि वरच्या मुरमावरचा बचावतो. दवाची मोजणी वेधशाळेत लाकडी ठोकळ्यावरील थेंबांची ठरावीक छायाचित्रांशी तुलना करून करतात. आमच्याकडे हरभऱ्यावर पहाटे पातळ फडके अंथरून त्यात आंब गोळा करण्याची जुनी रीत आहे, आणि कोणत्या वाफ्यात फडके लवकर चिंब होते हे घरातल्या वृद्ध स्त्रियांना तोंडपाठ असते.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत आमच्या शिवारात यंत्रांनी जमीन सपाट करण्याचा झपाटा सुरू आहे. उतार भरून काढतात, दगड उचलतात, ओढा सरळ करतात. आणि उरलेल्या माळावर चर खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. धान्य पिकविणाऱ्याच्या गरजेला मी नाव ठेवीत नाही. जिरायताचे बागायत व्हावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु सपाट केलेल्या एकरात चार फुटांवरचे तापमान पूर्वीइतकेच राहिले, तरी खालची हवामाने नाहीशी होतात: दगडाची सावली, भेगेतला गारवा, मुरमावरची रात्रीची ऊब, उताराची कोरडी आणि ओघळीची ओली बाजू. गवताच्या जागी झाड आले की उंचावरून टेहळणी करणाऱ्या शिकाऱ्यांना बसावयास जागा मिळते, आणि उघड्यावर अंडी घालणारे पक्षी तो भाग सोडून जातात. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या किंचित वर भरते. सोलापूरकडे माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले आणि तरीही तो पक्षी आज तेथून जवळजवळ नामशेष झाला आहे. राखीव कुरणे आवश्यक आहेत, पण चिंकारा, लांडगा आणि धाविक सरकारी हद्दीची मोजणी मानीत नाहीत. ते आपल्या सर्वांच्या पोटखराब्यांतून ये-जा करतात, आणि ते तुकडे गेले की अभयारण्य बेट होऊन बसते.

म्हणून ज्यांच्या नावावर दोन-चार एकर आहेत अशा वाचकांस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पोटखराब्याला हात लावण्यापूर्वी एक वर्षभर त्याची वही ठेवावी. साधा पर्जन्यमापक आणि दोन तापमापक एवढे साहित्य पुरे. एक तापमापक सावलीत चार फुटांवर टांगावा, दुसरा गवताच्या बुडाशी ठेवावा, आणि सकाळी साडेआठ वाजता दोन्ही वाचावे. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा वाचावे. पावसाच्या आकड्याशेजारी, मृगाचे किडे कोणत्या तारखेस दिसले, टिटवीने अंडी कोणत्या बाजूस घातली, भोवत्या प्रथम केव्हा फिरला, कुसळीचे बी केव्हा झडले, हे लिहावे. दोन तापमापकांतील अंतर पोटखराब्यात किती आणि शेजारच्या सपाट केलेल्या शेतात किती, हे स्वतंत्र रकान्यात मांडावे, आणि वर्षाअखेरीस ती वही गावच्या शाळेतील शास्त्राच्या शिक्षकांकडे द्यावी. त्यांच्या मुलांना पुढच्या वर्षी त्याच जागी तेच वाचन करता येईल.