ढील द्या, सर!

पाव फेरा! स्क्रूचा जेमतेम पाव फेरा, आणि तीन दिवस रुसलेली मशीन अशी काही कडाडली, की मी मळ्यात उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. कालपासून भेटेल त्याला कार्बोरेटर सांगत सुटलोय. आता तुमची पाळी!

झालं असं, की वादळात आमच्या येवल्याच्या मळ्यातली जुनी बाभूळ कांद्याच्या चाळीच्या वाटेवरच आडवी झाली. कांदा आत, ट्रॅक्टर बाहेर. घरात चेन सॉ होती. दोरी ओढली की सुरू व्हायची आणि रेस दिली रे दिली की गप्प. प्लग पुसला, फिल्टर साफ केला, पेट्रोल बदललं. शेवटी कार्बोरेटरचे दोन बारीक स्क्रू दिसले, ते चांगले आवळून टाकले. सैल ते वाईट, घट्ट ते चांगलं, एवढंच माझं यंत्रज्ञान! मग तर ती सुरूही होईना.

मिस्त्री आले, बघून हसले. "सर, येवल्यात राहता आणि आवळत बसता? संक्रांतीला पतंगाची आसारी धरता ना? ढील द्या की!"

आणि मग उलगडत गेलं सगळं. स्क्रू आवळला की पेट्रोल कमी, सैल केला की जास्त. 'एल' लिहिलेला कमी रेसचा, 'एच' लिहिलेला फुल रेसचा, आणि तिसरा नुसत्या आयडलचा. मिस्त्रींनी 'एल' आणि 'एच' दोन्ही हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद केले, मग एकेक फेरा उघडले. मशीन सुरू करून गरम होऊ दिली. 'एल' आणखी पाव फेरा सैल केला, आणि रेस दिल्यावर ती मरायच्या ऐवजी उसळली! आयडलला साखळी हळूहळू फिरत होती, म्हणून तिसरा स्क्रू मागे घेतला. आयडलला साखळी जागच्या जागी थांबलीच पाहिजे, नाहीतर हातपाय गेले म्हणून समजा.

आता 'एच'. फुल रेसला मशीन किंचाळली. मी म्हणालो, "वा, काय ताकद!" मिस्त्रींनी लगेच रेस सोडली. "ताकद कसली, सर? तहानलीय ती."

अहो, या टू-स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल नसतंच! पेट्रोलमध्येच मिसळायचं, आमच्या मशीनला 1 लिटरला 20 मिली. म्हणजे पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटलं. वर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे! पिस्टन तापतो, ओरखडतो, जाम होतो. मी कौतुकाने ऐकत होतो तो आवाज मशीन मरायला टेकल्याचा होता.

मिस्त्रींनी पाठ फिरवली, डोळे मिटले आणि मागे हात नेऊन स्क्रू किंचित सैल केला. विणकराने शेजारच्या खोलीतला माग नुसता ऐकून धोटा अडकल्याचं ओळखावं, तसं. किंकाळी उतरली, आवाजात फडफड आली. "ही राहू द्या," म्हणाले. पातं बाभळीला टेकवलं आणि फडफड गायब! एकसंध, भरीव सूर. लाकडातून बाहेर काढलं की पुन्हा फडफड. हीच स्क्रू बरोबर बसल्याची खूण!

आणि मशीन आडवी करा, उलटी करा, बंद पडत नाही! आपल्या जुन्या स्कूटरला किक मारण्याआधी तिरकी करायचो, आठवतं? त्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तरंगता फ्लोट असायचा. इथे वाटीच नाही. एक पातळ पडदा, आणि इंजिनच्याच दाबाच्या ठोक्यांवर तो पेट्रोल ओढतो. बोटाएवढ्या जागेत हृदयच की!

दुपारपर्यंत वाट मोकळी. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. समोरून एक जुनी स्कूटर किंचाळत गेली. मी उठून ओरडलो, "अहो भाऊ, पाव फेरा ढील द्या!"

आतून बायकोने खिडकी लावून घेतली.