पुसणारं गाव

मी पुसेगावचा म्हटलं, की समोरचे गृहस्थ लगेच हात जोडतात. "वा! सेवागिरी महाराजांचं!" ते पुसेगाव साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. पण एवढं सांगायला मी तोंड उघडावं, तोवर गृहस्थ तिथल्या यात्रेतल्या बैलांच्या किमतीपर्यंत पोचलेले असतात. जिथं गावाचं नाव धड कुणी ऐकून घेत नाही, तिथं दुःख कोण ऐकणार?

‘पुसणे’ म्हणजे विचारणे. त्या हिशेबानं आमचं गाव नावाला जागतं. (व्युत्पत्ती माझी आहे, पंडितांनी मनावर घेऊ नये.) इथं जो तो दुसऱ्याला पुसतो. "काय मंग, बरं हाय ना?" एवढं पुसून सायकल पुढं निघून जाते. उत्तर द्यायचं ते धुळीला.

2021 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस कोसळला. वादळाला गुलाब हे नाव देणाऱ्यानं काढणीला आलेलं सोयाबीन पाहिलेलं नसावं. उभ्या शेंगांना कोंब फुटले. आमच्या शेजारचे एक काका त्या दिवसांत पारावर नुसते बसून असायचे. सांत्वनाला गर्दी कमी नव्हती. पहिला आला तो म्हणाला, "तुमचं चार एकर गेलं, माझं सहा!" म्हणजे दुःखातही ह्याचाच पहिला नंबर. दुसऱ्यानं सल्ला दिला, "पुढच्या साली हळद लावा." तिसरा म्हणाला, "देवाची मर्जी!" आणि देवाच्या वतीनं तंबाखू मळू लागला. चौथ्यानं मोबाईल काढून कुणा साहेबाचं ‘सकारात्मक विचार करा’ हे भाषण लावलं. काका उठून घरी गेले. बॅटरी संपेपर्यंत भाषण चालू होतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर टेकले. मोठी आई तुरीची डाळ निवडत बसली होती. पूर्वी घरात गोष्ट सांगायची तर हुंकार द्यायला एक माणूस लागे. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. मोठी आईचं सारं शिक्षण त्या खात्यात झालेलं. ती नुसती "हूं" म्हणायची. मधेच एखादं "मंग?" काका गप्प झाले तर तीही गप्प. ती शांतता भरून काढायची घाई तिला नव्हती. मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो होतो, पण पान काही उलटलं नाही.

आधी सोयाबीन झालं, मग सोसायटीचं कर्ज, मग पोरीचं लग्न. तासाभरानं काका हलकेच म्हणाले, "वावरात जावं अन् परत येऊच नाही, असं वाटतंय."

मोठी आईचा हात सुपात थांबला. तिनं "असं बोलू नये" म्हटलं नाही. काकांच्या तोंडाकडं बघत सरळ पुसलं, "जीव द्यावा असं मनात येतंय का रे तुह्या?"

काका रडले. तिनं रडू दिलं. मग त्यांच्या पोराला बोलावून घेतलं, "आज रातच्याला बापाला एकटं सोडू नको," म्हणून बजावलं, आणि सकाळी दोघांना डॉक्टरांकडं धाडलं. असं सरळ विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे आता मनोविकारतज्ज्ञही सांगतात. 2022 पासून ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी नंबरही आहे, कोणत्याही वेळी फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

ऐकण्याचा महिमा आमच्या जिल्ह्याला खरं तर नवा नाही. नामदेव महाराज इथल्या नर्सीचे. औंढ्याच्या नागनाथासमोर त्यांना कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागं जाऊन गाऊ लागले, तेव्हा ऐकायला देऊळच फिरलं, अशी आख्यायिका आहे. अख्ख्या देवळाला फिरता येतं. आम्हाला मोबाईलवरून मान वर करणं जड!

विलायतेतही हाच अनुभव. 1953 साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या पाद्र्यानं जीव नकोसा झालेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. सल्ला द्यायचा तो स्वतः. पाळीची वाट बघणाऱ्यांना चहा द्यायला मदतनीस. थोड्याच दिवसांत ध्यानात आलं, की बरीच मंडळी चहावाल्यांशीच बोलून हलकी होतात आणि पाद्रीबुवांना न भेटता घरी जातात. 1954 मध्ये त्यानं ऐकण्याचं काम त्या चहावाल्यांच्याच हवाली केलं. झिम्बाब्वेत 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 14 आज्यांना थोडं शिकवून लाकडी बाकावर बसवलं, दुःख ऐकायला. चहा आपल्याकडंही होतो, पारही आहे, आज्याही आहेत. फक्त चहा पाजणाराच बोलत सुटतो.

काका आता बरे आहेत. त्यांनी हळद लावली आणि दुसरा सल्लागार ते श्रेय अजून सोडायला तयार नाही. मोठी आईला कुणी श्रेय दिलं नाही. दिलं असतं तरी ती "हूं" म्हणाली असती.

मराठीत ‘पुसणे’चे अर्थ दोन. एक विचारणे, दुसरा डोळे पुसणे. पहिलं पुसून उत्तरासाठी जो थांबतो, त्यालाच दुसरं जमतं.